पेडलचा घुमारा आणि खरा आवाज



आपल्या गायकवृंदातील तरुणांनी गिटारसाठी इको व रिव्हर्बचे पेडल आणले आहे. पायाने दाबले की आपल्या लहानशा चर्चमध्ये कॅथेड्रलसारखा नाद घुमतो. मिस्सानंतर एकाने मला विचारले, “फादर, हे खोटे नव्हे का?”

प्रश्न रास्त आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 17 मीटरवरच्या भिंतीवरून तो एक दशांश सेकंदाने परतून वेगळा ऐकू येतो, हा इको. भिंती, छत, खांब यांवरून परतणारे असंख्य ध्वनी एकमेकांत मिसळले की होतो रिव्हर्ब. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये तो कित्येक सेकंद टिकतो. पेडल हेच करते: आवाज क्षणभर साठवते आणि हळूहळू मंद करत सोडते.

संत ऑगस्टीन यांच्या मते खोटेपणात फसवण्याचा हेतू असतो. येथे कोणी कोणाला फसवत नाही. कॅथेड्रलची भिंतही आवाज बदलतेच. म्हणून पेडल पाप नव्हे.

पण तेच ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात एक कबुली देतात. गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले, तर तो आपला दोष आहे, असे ते मानतात. तरीही चर्चमधील गायन त्यांना हवेच आहे.

माझीही एक कबुली. एका रविवारी मी प्रवचनाच्या माइकला थोडा इको लावायला सांगितला. माझाच आवाज मला भारदस्त वाटला. बाहेर एक आजी म्हणाल्या, “फादर, आवाज छान घुमला, पण तुम्ही सांगितलंत काय?” मी ओशाळलो. संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय 14) अस्पष्ट रणशिंगाचा दाखला देतात, तो मलाच लागू पडला. शब्द पोहोचवण्याऐवजी मी स्वतःलाच ऐकत होतो.

1967 च्या ‘म्युझिकाम साक्राम’ या दस्तऐवजानुसार सारे गायन केवळ गायकवृंदाकडे सोपवून भाविकांना गप्प बसवणे योग्य नाही. नाद लांबला की लोकांचा ताल चुकतो आणि ते गायचे थांबतात. म्हणून आम्ही ठरवले आहे: कम्युनियननंतरच्या ध्यानगीताला पेडल वाजेल, प्रतिसाद स्तोत्र, वाचने व प्रवचन यांच्या वेळी ते बंद राहील. माझा माइकही साधाच राहील.

आजींनो, पुढच्या रविवारी शब्द कळले नाहीत तर मला जरूर सांगा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू