न सापडलेले नाते

तोतलाडोहला पेंचचे पाणी उंचावरून पडते नि वीज होते. तेव्हा वस्तू खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि वीज ही सख्खी भावंडेच असणार, असा तर्क आमच्या भंडाऱ्याकडची मुले वर्गात हमखास करतात. तर्क लंगडा खरा. पाणी तिथे नुसते चाक फिरवते. वीज होते ती चुंबक आणि तारा यांमुळे. पण हीच शंका मायकेल फॅरडेलाही छळत होती!

पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. चुंबक हलवला की तारेत वीज उमटते, हे त्याने १८३१ साली दाखवले. मग गुरुत्वाकर्षणच तेवढे एकटे का? त्याने तारेची वेटोळी उंचावरून खाली सोडून पाहिली. वीज काही उमटली नाही. १८५० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने तेच सांगितले: हाती काही आले नाही, तरी नाते असावे असे मला अजून वाटते.

याला हट्ट म्हणावे काय? मला नाही तसे वाटत. श्रद्धा त्याने मनात ठेवली, वहीत उतरू दिली नाही. आमच्याकडे प्रयोगवहीत आधी उत्तर लिहितात आणि मग काट्याचे आकडे त्याला जुळवून घेतात. गुणही अशाच वहीला पडतात. मूल खोटे बोलायला शिकते ते असे बिनबोभाट, लाल शाईच्या साक्षीने.

पुढे आइन्स्टाईनने अखेरची तीस वर्षे या दोहोंना एका सूत्रात ओवण्यात घालवली. १९५५ साली तो गेला. सूत्र आजही जुळलेले नाही. मात्र २०१७ मध्ये दोन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वलहर आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोचले. दोघांची चाल एकच! अशा लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे.