कडी कोणी लावायची?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अधिकार कर्मावर, फळावर नाही. पण गेल्या महिन्यात या श्लोकाने माझा चांगलाच कान पिळला.

आम्ही काही मित्र दर शनिवारी एका शाळेत जातो. तिथे सहावी-सातवीच्या मुलांनी परसबाग केली आहे. शाळेमागच्या पडीक जागेतून मुलांनी आधी दगड आणि प्लॅस्टिक वेचलं, मग वाफे केले. हात धुण्याच्या नळाचं पाणी वाया जायचं, ते पाट खणून वाफ्यांकडे वळवलं. मेथी आणि पालक पेरला, कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवली. मेथी चौथ्या दिवशी उगवली, तेव्हा मधल्या सुट्टीत अख्खी शाळा बघायला आली. महिनाभराने ती खिचडीत पडणार होती.

त्या शनिवारी मी घाईत निघालो. फोनवर बोलत बोलत फाटक ओढलं आणि कडी लावायची राहिली. रविवारी शेळ्या आत शिरल्या. मेथी मुळासकट गेली, पालकाचे नुसते बुडखे उरले.

पुढच्या शनिवारी मुलं वाफ्यापाशी गप्प उभी होती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि ओठांवर काय आलं असेल? हाच श्लोक! "बघा मुलांनो, आपण कर्म करायचं, फळाची अपेक्षा ठेवायची नाही." वाक्य अगदी तयार होतं. पण ते मी मुलांच्या समाधानासाठी बोलणार नव्हतो, माझी चूक झाकायला बोलणार होतो. भगवंतांच्या शब्दांचं पांघरूण करून मी त्याखाली लपणार होतो.

हा श्लोक पुन्हा नीट वाचा. त्यात चार गोष्टी आहेत. कर्मावर तुझा अधिकार आहे. फळावर नाही. फळासाठी कर्म करणारा होऊ नकोस. आणि चौथी, जी आपण सोयीस्करपणे विसरतो : कर्म न करण्याचीही ओढ नको. फळ हातात नाही हे खरं, पण कडी तर माझ्याच हातात होती ना? पाऊस, कीड, ऊन हे माझ्या अधिकाराबाहेर. कडी मात्र पूर्णपणे माझं कर्म. अठराव्या अध्यायात भगवंत तामस कर्त्याची लक्षणं सांगतात, त्यात आळशी आणि चालढकल करणारा हेही येतात. निष्काम होणं वेगळं आणि निष्काळजी होणं वेगळं.

संत सावता माळी आठवा. अरणचा हा माळी मळ्यातच पांडुरंग पाहायचा. ज्याला भाजीत देव दिसतो, तो वाफा उघडा टाकून जाईल का? फळाचा मोह सुटला की कामातली काळजी कमी होत नाही, उलट वाढते. कारण आता ते काम देवाचं असतं.

मी मुलांना खरं सांगितलं. "कडी माझ्याकडून राहिली." क्षणभर कोणीच बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "दादा, मग मेथीचं बी तुम्ही आणायचं." एवढाच दंड! दुसऱ्याने लगेच जाहीर केलं, "आणि आजपासून कडीचा मॉनिटर मी."

आम्ही वाफा पुन्हा भुसभुशीत केला. मेथी पेरली. पालकाचे बुडखे उपटायला मी वाकलो, तर मुलांनीच अडवलं, "थांबा, त्याला पाणी घालून बघू." आठवडाभरात त्या बुडख्यांना कोवळी पानं फुटली. शेळ्यांनी पानं खाल्ली होती, मुळं जमिनीत शाबूत होती.

मंडळी, ऑफिसातलं अर्धवट काम असो, अभ्यास असो की घरच्यांना दिलेला शब्द, बिघडलं की "देवाची इच्छा" म्हणण्याआधी एकदा स्वतःला विचारूया : माझी कडी लावली होती का? लावली असेल तर बिनधास्त देवावर सोपवा. नसेल तर कबूल करा, बी आणा आणि पुन्हा पेरा.

आजचा संकल्प : अर्धवट राहिलेलं एक छोटं काम झोपायच्या आधी पूर्ण करायचं. नामस्मरण करत करत.

राम कृष्ण हरी! 🙏