अंगावर येणारं काम

वडील गेल्याला चार वर्षं झाली तरी गावच्या जमिनीची वारस नोंद राहिलीच होती. काम म्हणावं तर केवढं? मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. दर दिवाळीला मी म्हणायचो, सण झाला की जाऊन येतो. बहीण विचारायची, "दादा, हे घोंगडं अजून किती दिवस भिजत ठेवणार?" स्वतःसाठी मला एकच शब्द सुचायचा. आळशी.

हा शब्द आपल्याकडे फार जुना आणि फार तयार आहे. दासबोधात रामदासांनी आळसाला सोडलेलं नाही. शांतिपर्वातल्या तीन माशांच्या गोष्टीत जो जाळ्यात सापडून मरतो त्या माशाचं नावच दीर्घसूत्र. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत शेवटचं ‘दीर्घसूत्री’ हेच. सूत लांबवत बसणारा. मात्र त्याच्या लगेच आधी ‘विषादी’ आहे, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. आळस आणि दिरंगाई यांच्या मधोमध खिन्नता बसलेली.

त्याच शांतिपर्वात चिरकारीही भेटतो. बापाने रागाच्या भरात आईला मारायची आज्ञा दिली आणि वनात निघून गेला. हा नावाप्रमाणेच विचार करत बसला. बाप पस्तावून परतला तेव्हा आई जिवंत होती, आणि चालढकलीबद्दल मुलाचं कौतुक झालं. ही गोष्ट मी बहिणीला सांगून पाहिली. तिने सातबाऱ्याचं विचारलं.

नीतीचा विषय मग हिशेबाचा झाला. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ भारतात राहत होते तेव्हा जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांच्याकडे येऊन गेले आणि सामान जास्त झालं म्हणून कपड्यांचा एक खोका मागे ठेवून गेले. तो अमेरिकेला पाठवायचा म्हणजे इथल्या कारभारात अख्खा दिवस जाणार. आठ महिन्यांहून जास्त काळ अकरलॉफ रोज सकाळी ठरवत, उद्या पाठवू. शेवटी दुसऱ्या एका मित्राच्या सामानात तो खोका गेला. पुढे २००१ साली दोघांनाही नोबेल मिळालं, म्हणजे बुद्धी कमी पडली असं म्हणायची सोय नाही. १९९१ सालच्या लेखात अकरलॉफ यांनी हा किस्सा सांगून मांडलं की आजचा त्रास उद्याच्या त्रासापेक्षा जरासा मोठा दिसतो. रोजची चूक चिमूटभर, पण ती रोज होते.

वाचून बरं वाटलं. पण हिशेब कळूनही मी हललो नाही. माझ्या कामाला तर अर्धाच दिवस लागणार होता.

फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली वेगळंच म्हटलं. माणूस काम टाळत नाही, त्या कामासोबत येणारी नकोशी भावना टाळतो, आणि टाळल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं म्हणून पुन्हा टाळतो. आपण उगाच का म्हणतो, काम अंगावर येतं? पिचिल यांच्याच २०१० सालच्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली. म्हणजे चार वर्षं मी स्वतःला ज्या शिव्या घालत होतो, त्या घोंगड्यावर पाणीच ओतत होत्या.

माझ्या अंगावर तलाठी कार्यालय येत नव्हतं. जुना सातबारा वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत होता, आणि ती पेटी ते गेल्यापासून कुणी उघडलेली नव्हती. उमेद आली की उघडू, असं मी धरून चाललो होतो. उमेद काही आली नाही. एका रविवारी मनाशी एवढंच म्हटलं की आज फक्त कडी काढायची, कागद शोधायचा नाही.

वरच त्यांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या दिवशी तेवढंच झालं. सातबारा बुधवारी सापडला, विहिरीच्या मोटारीच्या पावतीखाली.