सृष्टीच्या उगमावर मतदान

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेकन काउंटीचा जॉन वॉशिंग्टन बटलर हा शेतकरी गडी. घरी पाच मुलं, शेतात मका आणि तंबाखू, गाठीला थोडीफार शाळामास्तरकी. १९२२ मध्ये तो राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. दोन मुदतींची त्याची आमदारकी एरवी कुणाच्या लक्षातही राहिली नसती. पण २१ जानेवारी १९२५ रोजी त्याने एक छोटंसं विधेयक मांडलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-विद्यापीठांत बायबलमधली निर्मितीकथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून उपजला असं शिकवलं, तर शंभर ते पाचशे डॉलर दंड. आठवड्याभरात ते प्रतिनिधिगृहात ७१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालं.

बटलर 'प्रिमिटिव्ह बाप्टिस्ट' पंथाचा. हा पंथ असा कर्मठ, की बायबलमध्ये आधार नाही म्हणून त्याला रविवारची धर्मशाळा नको आणि धर्मप्रसाराच्या संस्थाही नकोत. ज्याला तारायचं त्याला देव स्वतःच तारील, ही धारणा. मग अशा माणसाला देवाच्या राखणीसाठी सरकारी दंड का हवासा वाटला?

निमित्त होतं एका प्रवचनाचं. गावातली मुलगी विद्यापीठात शिकायला गेली आणि देवावरचा विश्वास गमावून परतली, असं उपदेशकाने सांगितलं. बटलरला आपली मुलं आठवली. या धास्तीला हसणं सोपं आहे, पण ती सगळीच पोकळ नव्हती. राज्यमान्य पाठ्यपुस्तक होतं जॉर्ज हंटरचं 'सिव्हिक बायॉलॉजी'. त्यात उत्क्रांतीच्या जोडीला मानववंशांची उतरंड होती, आणि काही कुटुंबं म्हणजे समाजावरची बांडगुळं, असा सुप्रजननाचा धडाही होता. बटलरने बोट ठेवलं ते मात्र यावर नाही.

या कायद्याचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे राजकीय नेता विल्यम जेनिंग्ज ब्रायन. मास्तरांचा पगार जो देतो, त्यानेच काय शिकवायचं ते ठरवावं, असं त्याचं म्हणणं. शाळा किती महिने भरवायची, पैसा किती द्यायचा, हे मतांनी जरूर ठरावं. पण खडकात सापडलेलं हाड किती जुनं, हे मतांनी कसं ठरणार? श्रद्धेचीही तीच गत. ७१ मतांनी राखलेला देव उद्या ७१ मतांनी घालवताही येतो. बाप्टिस्टांना हे कुणी सांगायला नको होतं. अठराव्या शतकात व्हर्जिनियात विनापरवाना प्रवचन केलं म्हणून त्यांच्याच उपदेशकांनी तुरुंग भोगला होता. राज्यसत्तेने धर्मात हात घालू नये, हा धडा ते तिथेच शिकले होते.

गव्हर्नर ऑस्टिन पी याला शाळासुधारणांसाठी ग्रामीण आमदारांची मतं हवी होती. त्याने २१ मार्चला सही केली आणि वर सांगितलं, की हा कायदा बहुधा कधी वापरलाच जाणार नाही. पण जुलैत डेटन गावी याच कायद्याखाली जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला उभा राहिला!

बटलर तिथे वृत्तपत्रांसाठी बातमीदारी करायला आला होता. बचाव पक्षाने शास्त्रज्ञ बोलावले होते, पण न्यायाधीश रॉल्स्टन यांनी त्यांची साक्ष ज्यूरीपुढे होऊ दिली नाही. ज्याच्या नावाने कायदा ओळखला जात होता, त्या बटलरलाच हे रुचलं नाही. खटला आपणच जिंकणार याची त्याला खात्री होती. तरी समोरच्याला बोलू द्यावं, शिवाय उत्क्रांती म्हणजे नेमकं काय हे आपल्यालाही कळावं, असं तो म्हणाला. विधेयक मांडताना आपल्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही त्याने लपवलं नाही. इतका सरळ कायदेकर्ता विरळाच.

स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवली म्हणून १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कायदा मात्र वैध ठरवला. तो १९६७ पर्यंत टिकला. बटलर १९५२ मध्येच वारला होता. कायद्याचा धाक केवळ टेनेसीपुरता नव्हता. १९२६ मध्ये हंटरच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा त्यातून 'उत्क्रांती' हा शब्दच गाळून टाकला होता.