फी सोडली, पण भार सुटला का?

जगातल्या एखाद्या किल्ल्याला किंवा मंदिराला जागतिक वारशाचा दर्जा द्यायचा की नाही, हे युनेस्कोची वारसा समिती ठरवते. सांस्कृतिक स्थळांबाबत त्या समितीला सल्ला देण्याचे काम ‘इकोमॉस’ ही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था करते. 1964 च्या व्हेनिस सनदेने स्मारक-जतनाची तत्त्वे मांडली आणि त्यानंतर वर्षभरात, 1965 मध्ये, ही संस्था उभी राहिली. तिचे सदस्य वास्तुविशारद, पुरातत्त्वज्ञ, अभियंते, इतिहासकार अशी जाणती माणसे आहेत आणि त्यांतले बहुतेक जण आपला वेळ आणि विद्या संस्थेला विनामोबदला देतात. 2024 च्या शरदात या संस्थेच्या तज्ज्ञांनी रायगड, शिवनेरी, पन्हाळा, जिंजी असे आपले गड पायाखाली घातले. जुलै 2025 मध्ये अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला असे बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून यादीत गेले. अशा निःशुल्क सल्ल्याला आपण सहज विद्यादान म्हणतो आणि ते सर्वांत श्रेष्ठ मानतो, कारण दिल्याने ते कमी होत नाही. मला अडचण वाटते ती नेमकी इथेच. देणाऱ्याचे काही कमी होत नाही म्हणून ते देणे सोपे असते; चुकीचे निघाले तर मात्र घेणाऱ्याची मूळ वस्तूच जाते. मग सल्ला देऊन झाल्यावर, एक पैसाही न घेता दिला एवढ्यावरून, देणारा मोकळा होतो का?

आपल्या परंपरेतले तयार उत्तर म्हणजे निष्काम कर्म: काम करावे, फळाची आस धरू नये. पण हे उत्तर आपण बरेचदा अर्ध्यावरच थांबवतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी परतफेडीची अपेक्षा नसणे पुरेसे मानलेले नाही. देश, काळ आणि पात्र यांचा विचारही त्यात धरला आहे. अठराव्या अध्यायात तर तामस कर्माचे लक्षणच असे सांगितले आहे की ते पुढचा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोचणारी इजा आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेले असते. म्हणजे ज्या ग्रंथाने फलत्याग शिकवला, त्यानेच परिणामाकडे पाठ फिरवणाऱ्या कर्माला सर्वांत खालची पायरी दिली. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. फळ म्हणजे मला मिळणारे मानधन, नाव, समाधान. ते माझे आहे, म्हणून मी ते सोडू शकतो. परिणाम दुसऱ्याच्या पदरात पडतो. जे माझे नाही त्याचा त्याग मी कुठल्या अधिकाराने करणार? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहावर एवढा जोर दिला, तो मला याच अंगाने महत्त्वाचा वाटतो. लोकांचे काय होते याची चिंता बाजूला ठेवून केलेले कर्म लोकसंग्रहाचे होऊच शकत नाही.

हा नुसता तात्त्विक काथ्याकूट नाही, हे अजिंठ्याच्या भिंती सांगतात. तिथली चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीत भुसा आणि तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात आणि सुकलेल्या पृष्ठावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी त्यांची नाजूक घडण आहे. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा धरवला. त्या कामाचे मोल कमी लेखू नये. पण रंग टिकावेत म्हणून त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेल्या रोगणाचा, थर दिला. काही काळ चित्रे उजळ दिसली असतील. पुढे तो थर पिवळा पडला, काळवंडला आणि त्याने मूळ रंगांवर पडदा टाकला. नंतरच्या पिढ्यांतले भारतीय रसायनतज्ज्ञ तो थर इंच इंच उतरवण्यात वर्षानुवर्षे गुंतले. अथेन्सच्या पार्थेनॉनचेही तेच झाले. प्राचीन कारागिरांनी संगमरवराचे दगड जोडताना लोखंडी आकड्यांवर शिसे ओतले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने जीर्णोद्धारात वापरलेल्या लोखंडाला ते कवच नव्हते. लोखंड गंजून फुगले, संगमरवर तडकला, आणि 1975 मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते काढून टायटेनियम बसवावे लागले. ही माणसे अडाणी नव्हती, लबाडही नव्हती. आपापल्या काळातली मान्य विद्या त्यांनी निष्ठेने वापरली. ती नेमणुकीवर आलेली होती, स्वयंसेवक नव्हती, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण म्हणूनच त्यांचे काम कोणी, कधी, कशाने केले याची दप्तरी नोंद राहिली आणि दुरुस्ती करणाऱ्यांना काय उतरवायचे हे कळले. मानधन न घेता आलेल्या पाहुण्याला तेवढे बांधून घेण्याचा संकोच वाटतो. धोका त्या संकोचात आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो हेतूचा: फुकट कोण काय करतो? समितीवरचे नाव, परदेशी परिषदांची निमंत्रणे, पुढच्या कामांची दारे, हा मोबदलाच की. गीतेच्या भाषेत हे राजस दान ठरेल. मला हा आक्षेप खरा वाटतो, पण निर्णायक वाटत नाही. दुसऱ्याच्या मनात डोकावून हेतू तोलता येत नाही आणि शुद्ध मनाने दिलेला सल्लाही भिंत बिघडवू शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पदरचा वेळ मोडून आलेल्या माणसावर वर जबाबदारीचेही ओझे टाकले, तर येईल कोण? गरीब देशांतली, पैसे मोजू न शकणारी स्मारके निराधार होतील. याला माझे उत्तर असे की भार उचलणे म्हणजे दंड भरणे नव्हे. आपल्याला काय ठाऊक नाही ते अहवालात लिहिणे, उलटवता येणार नाही असा उपाय शक्यतो न सुचवणे, आणि काही वर्षांनी कुणी विचारले तर उत्तर द्यायला हजर असणे, एवढाच तो भार आहे. एवढेही ज्याला जड वाटते त्याने न आलेलेच बरे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्यात श्रद्धा येते. परक्या तज्ज्ञाने वस्तू वाचवावी की वस्तूशी जोडलेले आचरण? पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांना लाखो माणसे हात आणि माथा लावतात. दगड झिजतो, म्हणून मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप होतो. 2020 मध्येही पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. केवळ पाषाणाचा विचार केला तर स्पर्श बंद करणे हाच बिनचूक सल्ला आहे. पण पददर्शन थांबलेला विठ्ठल वारकऱ्यांसाठी तोच राहतो का, याचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकत नाही. व्हेनिस सनदेचा मसुदा करणाऱ्या 23 जणांत युरोपाबाहेरच्या देशांचे तिघेच होते: ट्युनिशिया, मेक्सिको आणि पेरू. त्यामुळे मूळ दगड आणि मूळ लाकूड म्हणजेच अस्सलपणा, ही समजूत त्यात मुरलेली होती. जपानातले इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. 2013 मध्ये ते बासष्टाव्यांदा झाले. तिथे जतन होते ते सुताराच्या हातातल्या विद्येचे आणि व्रताचे. 1994 मध्ये जपानातच नारा येथे 28 देशांतले 45 जाणकार जमले आणि अस्सलपणाचा निकष त्या त्या संस्कृतीच्या आतून ठरवला पाहिजे, असे त्यांनी लिहून दिले. तज्ज्ञांनी आपलीच फूटपट्टी तपासून बदलली, हे मला त्यांच्या सर्व अहवालांपेक्षा मोठे वाटते. अर्थात यावरून स्थानिक म्हणतील तेच खरे, असे ठरत नाही. जुन्या दगडी देवळांना तैलरंग फासणारेही स्थानिकच असतात. सल्लागाराने तिथे स्पष्ट बोलावे. पण हानी कशी होते हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. काय पवित्र आहे हे ठरवण्याचा नाही.

इकोमॉसने यातले बरेच ओळखले आहे. नामांकन ज्या देशाचे, त्या देशाचा तज्ज्ञ त्याच्या मूल्यमापनात बसत नाही. जागेवर गेलेला पाहणी करतो. शिफारस अनेक अहवाल वाचून मंडळ ठरवते. पक्षपात टाळायला ही रचना चांगली आहे. मात्र तिच्यामुळे भार इतक्या जणांत वाटला जातो की शेवटी तो कुणाच्याच खांद्यावर दिसत नाही. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावर रहिवाशांनी निर्बंधांची धास्ती उघड बोलून दाखवली. उद्या त्यांच्या घरदुरुस्तीवर एखाद्या सल्ल्याचा परिणाम झाला, तर त्यांनी विचारायचे कुणाला? नारळ-शाल देऊन निरोप दिलेल्या पाहुण्याला?

आज अनेक मराठी वास्तुविशारद, अभियंते आणि अभ्यासक निवृत्तीनंतर अशा संस्थांना आपली विद्या देऊ शकतात. त्यांनी ती जरूर द्यावी. आपल्या गडांना आणि दूरच्या देशांतल्या देवळांनाही तिची गरज आहे. मात्र होकार कळवण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचाराव्यात: माझा अहवाल तिथल्या माणसांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळेल का, आणि पाच वर्षांनी मला त्याबद्दल जाब विचारण्याची सोय तुम्ही ठेवली आहे का. उत्तर नाही असे आले, तर आधी ती सोय करायला सांगावी आणि मगच गडाची पायरी चढावी.