दुसऱ्या गिटारीचा अधिकार

रॉक ऐकणाऱ्या माणसाला एखाद्या वृंदाचा खरा धनी कोण असे विचारले, तर त्याचे बोट बहुधा गायकाकडे वळते. आणि वृंद ऑस्ट्रेलियातील ‘एसी/डीसी’ असला, तर शाळकरी मुलाचा गणवेश चढवून रंगमंचभर धावणाऱ्या गिटारवादक अँगस यंगकडे. परंतु १९७३ साली सिडनीत हा वृंद उभा करण्यात ज्याचा पुढाकार होता आणि पुढे सगळ्या कारभाराची मुखत्यारी ज्याच्याकडे राहिली, तो अँगसचा वडील बंधू माल्कम मात्र ध्वनिवर्धकांच्या भिंतीला लागून उभा राही, साथीच्या ओळीपुरता पुढे येई आणि ती गाऊन होताच आपल्या जागेवर परत जाई.

त्याच्या अधिकाराचे स्वरूप समजून घ्यायचे तर त्याची ग्रेच गिटार जवळून पाहावी. निर्माता हॅरी वांडाने दिलेल्या त्या वाद्याचा मूळ रंग त्याने खरवडून काढला होता, आणि घोडीजवळचा एक पिकअप तेवढा ठेवून बाकीचे उपटून टाकले होते. जाड तारांवर तो जी लय धरी, तिच्यात दोन आघातांमधल्या विरामाला आघाताइतकीच किंमत असे. ती चालू असताना कोणाच्या ध्यानात येत नसे. थांबली असती तर अँगसच्या साऱ्या धावपळीखालची जमीनच सरकली असती.

१९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला आणि पाच-सहा महिन्यांतच त्याच्या जागी ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ ही तबकडी निघाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मला अधिक विचारार्ह वाटते ते माल्कमचे आजारपण. २००८ साली सुरू झालेल्या जगप्रवासात त्याची स्मृती ढासळत होती आणि स्वतःच रचलेल्या चाली त्याला पुन्हा शिकून घ्याव्या लागत होत्या. तरी सहस्रावधी श्रोत्यांना त्याचा सुगावा लागला नाही. २०१४ मध्ये त्याच्या निवृत्तीचे व स्मृतिभ्रंशाचे वृत्त जाहीर झाले आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही रुजू झाला. १९८८ साली मद्यपानाच्या व्यसनातून सुटण्यासाठी माल्कम रजेवर गेला, तेव्हाही बदली म्हणून हाच आला होता. आपल्या घराण्यांत गुरूची हुबेहूब नक्कल करणाऱ्या शिष्याला कोणी मोठा मानीत नाही. येथे मात्र स्वतःचे काही न मिसळणे हीच स्टीव्हीची गुणवत्ता ठरली, आणि तिची कदर करायला आपण थोडे शिकलो तर बिघडणार नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये, हे असेच चालू राहिले तर श्रवणशक्ती कायमची गमवाल, असे वैद्यांनी बजावल्यामुळे जॉन्सनला प्रवास अर्धवट सोडावा लागला. (या हानीचा दोष तो संगीतापेक्षा आपल्या मोटारशर्यतींच्या छंदाला देतो.) मे महिन्यात लिस्बनमध्ये दुसऱ्या वृंदाचा गायक ॲक्सल रोझ त्याच्या जागी गायला, तोही पाय मोडलेला असल्यामुळे सिंहासनवजा खुर्चीत बसून! तो गायला उत्तम. परंतु पाहुणा तो पाहुणाच. त्याच वर्षी बासवादक क्लिफ विल्यम्सने निवृत्ती घेतली, तबलजीच्या जागेवरचा फिल रड तर त्याआधीच न्यायालयीन भानगडीत अडकून बाहेर पडला होता, आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी माल्कम गेला. वृंद येथे संपला असता, तर कोणी त्याला नाव ठेवले नसते.

तो संपला नाही. जॉन्सन, रड आणि विल्यम्स परतले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘पॉवर अप’ प्रसिद्ध झाले. त्यातील बाराही गाण्यांचे कर्ते म्हणून अँगस व माल्कम या दोघांची नावे आहेत, कारण भावाबरोबर जमवलेल्या जुन्या चालींतूनच अँगसने ती उभी केली. मृताच्या नावावर श्रेय मांडण्यात एखाद्याला भावविवशता दिसेल, एखाद्याला व्यापार. मला ती दफ्तरातली यथार्थ नोंद वाटते. आणि त्या तबकडीवर दुसरी गिटार वाजते आहे, ती स्टीव्हीची.