आकडा कोणाचा?

पुढचे कळावे, ही माणसाची जुनी हौस. आणि कळल्यावर ते सोसावे कसे, ही त्याहून जुनी अडचण.

थकलेल्या हृदयाच्या डाव्या कप्प्याला हल्ली यंत्राचा पंप जोडतात. आजचे पंप रक्त अखंड ढकलतात. म्हणून पुष्कळ रोग्यांची नाडी बोटांना लागत नाही, तरी माणूस हसतो, बोलतो, पंक्तीला बसतो. पण पंपाच्या फेऱ्या ठरलेल्या. जिना चढताना निरोगी हृदय आपण होऊन धावते, तसे त्याला साधत नाही. म्हणून डॉक्टर रोग्याला जागच्या सायकलवर बसवतात, तोंडाला मुखवटा लावतात आणि शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते ते मोजतात. आकडा फार खाली असला तर पुढचे दिवस बिकट, असा सर्वसाधारण अनुभव.

हा आकडा रोग्याला सांगावा का? अनुभव पुष्कळांचा असतो. समोर बसलेला माणूस एकटा असतो. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १२९ रोग्यांच्या अभ्यासात, जुन्या घडणीचा पंप लावलेल्यांपैकी शेकडा ५२ वर्षभर जगले, नुसत्या औषधांवरचे शेकडा २५. त्या पंचवीसांत कोण असेल, हे आधी कोणाला सांगता आले असते?

तरीही लपवाछपवी मला पटत नाही. ज्याने धापा टाकून तो आकडा मिळवला, त्याचाच तो आहे. विचारायचे की नाही, हे त्याने ठरवावे. विचारले तर डॉक्टरांनी खरे सांगावे, आणि पुढे काय करता येईल तेही त्याच बैठकीत सांगावे. पावसाचा अंदाज वाईट आला म्हणून शेतकरी बियाणे फेकून देत नाही; यंदा काय पेरावे, याचा विचार करतो.